जीवाश्मांची अदलाबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या मॉनमथ काउंटीत बिग ब्रुक नावाचा ओढा आहे. त्याच्या वाळूत साधारण सात कोटी वर्षांपूर्वीच्या शार्कचे दात सापडतात. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या माझ्या ओळखीतल्या कित्येक मराठी घरांत या छंदाची सुरुवात तिथूनच झाली. हळूहळू एकाच जातीचे दात डबाभर साठतात आणि मग विचारणा सुरू होते: हे कुणाला देऊन दुसरं काही मिळेल का? अशीच विचारणा पुण्या-नागपूरचे हौशी लोकही करतात, फक्त त्यांचे प्रश्न वेगळे असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

विकत मिळत असताना अदलाबदल कशासाठी करायची?

कारण तुमच्याकडे जे ढिगाने पडलंय ते दुसरीकडे मिळतच नाही. सिनसिनाटीच्या परिसरात रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांमधून ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दिसणारे समुद्री प्राणी) आणि ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे बारीक समुद्री प्राणी) ओंजळीने वेचता येतात. पण तो खडक सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यामुळे तिथल्या संग्राहकाला घराजवळ शार्कचा दात सापडणं शक्य नाही. इकडे आपल्याला ओढ्यात तसा ब्रॅकिओपॉड मिळणार नाही. दोघांनी एकेक डबी पाठवली की दोघांच्या कपाटात नवा कालखंड येतो.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. दुकानातल्या वस्तूवर बहुतेक वेळा ‘ट्रायलोबाईट, मोरोक्को’ एवढंच लिहिलेलं असतं (ट्रायलोबाईट म्हणजे समुद्रातला एक नामशेष कवचधारी प्राणी). अदलाबदलीत वस्तू थेट ज्याला सापडली त्याच्या हातून येते. कोणत्या थरात होती, पावसानंतर उघडी पडली की हातोडीने काढली, शेजारी आणखी काय होतं, हे सगळं तो सांगू शकतो. ती माहिती कुठल्याही पैशाने नंतर विकत घेता येत नाही.

लेबल लावायलाच हवं का? दगड बघून जात ओळखता येते ना?

जात कदाचित ओळखता येईल, गाव ओळखता येणार नाही. आणि गाव हरवलं की जीवाश्माचं निम्म्याहून अधिक मोल गेलं.

एक जुनं उदाहरण देतो. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विदर्भातून बरेच जीवाश्म जमवले. मांगली गावाच्या खडकातून मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी लंडनला पोचली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिलं. आजही त्या कवटीचा उल्लेख मांगलीच्या नावासह होतो, कारण ती कुठून आली हे तेव्हा लिहून ठेवलं होतं. ते नाव नसतं तर लंडनच्या एखाद्या खणात ‘हिंदुस्थान’ अशी चिठ्ठी लावलेली एक कवटी उरली असती आणि मांगलीच्या खडकाचं वय ठरवायला तिचा काही उपयोग झाला नसता.

म्हणून लेबलवर किमान एवढं हवं: प्राण्याचं किंवा वनस्पतीचं नाव (प्रजाती पक्की नसेल तर फक्त कुळ किंवा गट, उगाच अंदाज नको), खडकाच्या थराचं नाव, कालखंड, गाव-जिल्हा-राज्य-देश, सापडल्याची तारीख आणि शोधणाऱ्याचं नाव. अदलाबदलीत मिळालेली वस्तू असेल तर ‘अमुक यांच्याकडून, अमुक वर्षी’ ही ओळ वाढवा. जुनं लेबल कितीही मळकं, फाटकं असलं तरी फेकू नका. त्याच्या मागे आपलं नवीन ठेवा.

लेबल आणि वस्तू कधीतरी वेगळी होतातच. त्यासाठी जीवाश्मावरच, न दिसणाऱ्या बाजूला, बारीक क्रमांक घाला. आधी पॅरालॉईड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा पातळ थर द्यायचा, तो सुकला की त्यावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक लिहायचा आणि वरून पुन्हा एक थर. हा पदार्थ ॲसिटोनने निघतो, त्यामुळे पुढे कुणाला क्रमांक काढायचा झाला तरी खडकाला इजा होत नाही. तोच क्रमांक वहीत. वहीच, कारण फोन बदलले की त्यातल्या नोंदी हरवतात असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

माझ्याकडे अगदी साधे दात आहेत, तेही काही तुटके. कुणाला हवे असतील?

हो. शाळेतले शिक्षक, नवखे संग्राहक, ज्यांच्या राज्यात त्या काळातला खडकच नाही असे लोक, सगळ्यांना हवे असतात. तुटका असेल तर तुटका म्हणून सांगा, एवढंच. गॉब्लिन शार्कच्या कुळातल्या स्कॅपॅनोऱ्हिंकसचा लांब, सुळ्यासारखा दात टोक मोडलेला असला तरी देखणा दिसतो.

बरोबरीचा सौदा कसा ठरवायचा?

बाजारातल्या किमती दोघांनीही पाहाव्यात, पण तिथेच थांबू नये. किंमत ठरवताना मी या क्रमाने बघतो: वस्तू किती पूर्ण आहे, तिच्यावर डागडुजी किती झाली आहे, खडकातून मोकळी करायला किती मेहनत गेली आहे, आणि ती जागा अजून खुली आहे की बंद झाली आहे. बंद झालेल्या जागेचा साधासा नमुनाही वजनदार ठरतो, कारण तिथून नवीन काही यायचं नाही.

मेहनतीचा मुद्दा नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळच्या पेन डिक्सी इथे शुल्क भरून आत गेलं की सापडलेलं घरी नेता येतं. तिथला एल्ड्रिजिऑप्स राना हा ट्रायलोबाईट अनेकांना मिळतो, पण शेल नावाच्या चिखलाच्या खडकात अर्धा गाडलेला. तो स्वच्छ करणाऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली बसून हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक छिन्नीने कित्येक तास घातलेले असतात. अशा तयार नमुन्याच्या बदल्यात ‘माझाही ट्रायलोबाईटच आहे’ म्हणून न साफ केलेला गोटा देऊ करणं त्याच्या कष्टांना कमी लेखणं आहे.

मेगॅलोडॉन या नामशेष महाकाय शार्कच्या दातांत आकार निर्णायक असतो. तो मुळाच्या टोकापासून पात्याच्या टोकापर्यंत, लांब पडणाऱ्या तिरक्या बाजूने मोजतात. मधोमध सरळ मोजलं तर आकडा कमी येतो. दोघांनी एकाच पद्धतीने मोजलंय याची खात्री करून घ्या, बरेच गैरसमज इथेच सुरू होतात. आकार थोडा वाढला की किंमत मात्र पुष्कळ वाढते, त्यामुळे दोन लहान दात म्हणजे एक मोठा असा हिशोब चालत नाही.

थोडं जास्त देऊन सौदा संपवावा असं माझं मत आहे. पाकिटात एखादा न सांगितलेला दात टाकला तर समोरच्याला आनंद होतो आणि पुढच्या वेळी चांगली वस्तू बाजूला काढताना त्याला आधी आपली आठवण येते.

अमेरिकेत मला सापडलेलं सगळं देता येतं का?

नाही, आणि हा प्रश्न प्रत्येकाने गोळा करायला निघण्याआधीच विचारायला हवा.

राष्ट्रीय उद्यानांतून काहीच उचलायचं नाही. केंद्र सरकारच्या (फेडरल) इतर जमिनींवर २००९ चा पुराजीव संसाधन संरक्षण कायदा लागू होतो. हाडं, दात, कवट्या, पाऊलखुणा, म्हणजे पृष्ठवंशीय प्राण्यांचं जे काही असेल ते परवान्याशिवाय घेता येत नाही, आणि परवाना संशोधनासाठी मिळतो. शंख-शिंपले, ट्रायलोबाईट, पानांचे ठसे अशा सामान्य गोष्टी अनेक ठिकाणी थोड्या प्रमाणात घ्यायला परवानगी असते, पण ती स्वतःच्या, बिगरव्यावसायिक वापरासाठी. त्या विकायच्या नाहीत. अशा जमिनीवरचा नमुना मी अदलाबदलीतही देत नाही, माझ्याच खणात ठेवतो. ज्याला द्यायचा त्याच्याकडून तो पुढे कुठे जाईल यावर माझा ताबा उरत नाही.

राज्यांचे नियम आणखी वेगळे. फ्लोरिडात सरकारी जमिनीवरचे पृष्ठवंशीय जीवाश्म गोळा करायला परवाना लागतो, शार्कचे दात त्यातून वगळलेले आहेत. साउथ कॅरोलायनात नदीच्या पाण्याखालून काढायचं तर हौशी परवाना घ्यावा लागतो. मेरीलँडमध्ये कॅल्व्हर्टच्या कड्यांमध्ये खोदता येत नाही. किनाऱ्यावर वाहून आलेलं वेचायचं, आणि कडे कोसळतात म्हणून उद्यानातला त्यांच्या पायथ्याचा भाग बंदच ठेवलेला आहे. आपल्या बिग ब्रुकला माणशी दिवसाला पाचच जीवाश्म न्यायची मुभा आहे आणि ओढ्याचे काठ उकरायला मनाई आहे. काठ उकरल्याने झाडं पडतात, ओढा गढूळ होतो आणि जागा सगळ्यांसाठीच बंद होण्याची वेळ येते. अदलाबदलीसाठी साठा करायला म्हणून तिथे जाऊ नये, असं मी मुलांनाही सांगतो.

सगळ्यात निर्धास्त वस्तू म्हणजे खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने किंवा पैसे भरून काढलेली. वायोमिंगमधल्या केमररजवळच्या खासगी खाणींतले नाइटिया मासे आणि युटातल्या व्हीलर शेलमधले एल्रेथिया ट्रायलोबाईट अदलाबदलीत एवढे फिरतात त्याचं हेच कारण. खाणीची पावती जपून ठेवा आणि वस्तू दिली की तिची प्रत सोबत द्या.

दुसऱ्या देशातला जीवाश्म घेताना काय बघायचं?

तो त्या देशातून कायदेशीरपणे बाहेर आला आहे का, हे. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म राष्ट्राच्या मालकीचे आहेत. तिथल्या युबिराजारा या पिसांच्या डायनासोरचा नमुना जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संग्रहालयात गेला होता, मोठ्या वादानंतर तो २०२३ मध्ये परत करावा लागला. मंगोलियातून चोरून आणलेला टार्बोसॉरस या डायनासोरचा सांगाडा २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला, मग अमेरिकन न्यायालयात खटला उभा राहिला आणि पुढच्या वर्षी सांगाडा मंगोलियाला परतला. या मोठ्या बातम्या झाल्या, पण नियम छोट्या दातालाही तोच.

मंगोलिया, चीन, ब्राझील आणि अर्जेंटिना इथल्या वस्तूला कागदपत्र नसेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: नको. ‘जुन्या संग्रहातलं आहे’ एवढं तोंडी सांगणं पुरेसं नाही. कुठला संग्रह, कोणत्या वर्षी देशाबाहेर गेलं, हे कागदावर दिसायला हवं. म्यानमारमधल्या काचिन प्रांताचा अंबरही (दगड झालेली झाडाची राळ) मी घेत नाही. त्यात दहा कोटी वर्षांपूर्वीचे किडे, पिसं आणि फुलं अप्रतिम जपली गेली आहेत, पण त्या खाणींभोवती सशस्त्र संघर्ष चालू आहे. एवढी सुंदर वस्तू नाकारताना वाईट वाटतं. तरी नाकारतो.

युरोपियन संघाने जून २०२५ पासून सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीचे नवे नियम लागू केले आहेत आणि त्यांच्या यादीत पुराजीवशास्त्रीय महत्त्वाच्या वस्तूही आहेत. युरोपातल्या मित्राला काही पाठवायचं असेल तर त्याला आधी तिथली चौकशी करायला सांगा.

भारतातले जीवाश्म इकडचे संग्राहक फार मागतात. गावाहून आणून द्यावेत का?

माझ्या मते नाही.

मागणी का आहे हे समजण्यासारखं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनासोरचे आणि झाडांचे जीवाश्म आहेत. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ अडकून राहिला आणि त्यात गोगलगायी, मासे, पामच्या झाडांचं खोड असं सगळं दगड होऊन टिकलं. डायनासोर संपले त्याच सुमारास हा लाव्हा वाहत होता, म्हणून या गाळातला एकेक शंख जगभरच्या संशोधकांना हवा आहे. आणि म्हणूनच तो जागेवर राहिला पाहिजे, किंवा भारतातल्या विद्यापीठात अथवा संग्रहालयात गेला पाहिजे.

केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध वाहतुकीविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करारही भारताने स्वीकारलेला आहे आणि त्याच्या व्याख्येत पुराजीवशास्त्रीय वस्तू येतात. पण कायद्याची कलमं बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. आपल्या शेतात, नाल्यात काय आहे हे गावातल्या मुलांना कळायच्या आधीच ते पाकिटात घालून बाहेर पाठवणं मला पटत नाही. हिस्लॉपच्या काळात नागपूरजवळ संग्रहालयांची सोय नव्हती. आज नागपुरात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचं मोठं कार्यालय आहे आणि विद्यापीठात भूशास्त्र शिकवलं जातं. वस्तू सापडली तर जागेचा फोटो काढा, न हलवता ठिकाणाची नोंद करा आणि त्यांना कळवा.

मग इथल्या मित्राला गोंडवाना या प्राचीन महाखंडातलं काही हवंच असेल तर? ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाची पानं भारताच्या कोळसा पट्ट्यात आहेत तशीच ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेतही आहेत. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने दक्षिण ध्रुवावरून परतताना अंटार्क्टिकात उचललेल्या खडकांतही ती निघाली. हे भूखंड कधी काळी एकमेकांना जोडलेले होते याचा तो एक भक्कम पुरावा. कागदपत्रांसह जुन्या संग्रहातून फिरणारं एखादं पान मिळालं तर ते घ्यावं.

शाळीग्राम हाही जीवाश्मच ना? देवघरातला देता येईल का?

जीवाश्मच आहे. नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरात काली गंडकीच्या पात्रात मिळणारे बहुतेक शाळीग्राम म्हणजे ज्युरासिक काळातले अमोनाईट (गुंडाळलेल्या शंखाचे नामशेष समुद्री प्राणी), काळ्या गोट्यात जपलेले. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता त्याची ही खूण, आणि आपल्या घरी तिच्यासोबत तुळशीचं लग्न लागतं. इंग्लंडच्या व्हिटबी गावातही अमोनाईटला असंच लोकांनी आपलं केलं: संत हिल्डाने सापांचे दगड केले अशी तिथली कथा आहे, आणि पूर्वी कारागीर त्या दगडांना सापाचं डोकं कोरून विकत.

देवघरातला शाळीग्राम देऊ नका. परंपरेने त्याची किंमत करत नाहीत, तो घराण्यात पुढे जातो किंवा श्रद्धेने दिला जातो. संग्राहक म्हणून मला त्यात आणखी एक अडचण दिसते. तो कोणत्या थरातून आला, कुणी केव्हा आणला याची नोंद नसते, त्यामुळे संग्रहात त्याला विशेष स्थान नाही. घरात मात्र ते आहे. व्हिटबीचा डॅक्टिलिओसेरस हा अमोनाईट सहज मिळतो, तो घ्या आणि मुलांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.

आधी पार्सल कुणी पाठवायचं?

रिवाज असा की नवखा आधी पाठवतो, आणि जुना, ज्याची ओळख चार लोकांत आहे, तो पोचल्यावर पाठवतो. दोघे सारखेच असाल तर एकाच दिवशी पाठवा आणि ट्रॅकिंग क्रमांक एकमेकांना कळवा. पहिली अदलाबदल लहान ठेवा. भरवसा बसला की मोठी करा.

फोटो कसे काढायचे?

दिवसाच्या उजेडात, पुढून, मागून आणि बाजूने. शेजारी सेंटिमीटरची पट्टी हवी. नाणं ठेवू नका, परदेशातल्या माणसाला आपल्या नाण्याचा आकार माहीत नसतो. वस्तू ओली करून किंवा तेल लावून फोटो काढू नये. रंग खुलतो खरा, पण पोचल्यावर समोरच्याची निराशा होते. भेग, चिकटवलेली जागा, भरलेला भाग यांचा जवळून वेगळा फोटो द्या. दोष आधी दाखवला की नंतर बोलायला काही उरत नाही.

नकली कसा ओळखायचा?

सरावाने ओळखता येतो, पण काही गोष्टी पहिल्या दिवसापासून करता येतात.

मोरोक्कोतल्या अल्निफ आणि एरफूदच्या बाजारातून आलेले मोठे, काटेरी ट्रायलोबाईट भिंगाखाली बघा. बारीक हवेचे बुडबुडे दिसले तर ते राळेत ओतलेलं आहे. डोळ्याची भिंगं ओळीत स्पष्ट दिसली पाहिजेत, गुळगुळीत फुगवटा असेल तर शंका घ्या. खडकातून एक नैसर्गिक भेग आरपार गेलेली आणि जीवाश्मही त्याच रेषेत चिरलेला असेल तर ती चांगली खूण. एकाच विक्रेत्याच्या दोन नमुन्यांत तोच काटा त्याच जागी वाकलेला दिसला तर तो साच्यातून काढलेला आहे.

मोरोक्कोच्याच फॉस्फेट खाणींतून येणारे मोसासॉर या नामशेष समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे जबडे हा वेगळा प्रकार. दात खरे असतात, पण सुटे मिळालेले दात वाळू आणि गोंदाच्या लगद्यात ओळीने बसवून जबडा तयार केलेला असतो. सुटा खरा दात घ्या, तो स्वस्तही असतो आणि प्रामाणिकही.

अंबरच्या नावाखाली कोपल खूप फिरतो. कोपल म्हणजे तुलनेने अलीकडची राळ, तर बाल्टिकचा अंबर चार कोटी वर्षांच्या आसपासचा. कोपऱ्यात ॲसिटोनचा एक थेंब टाकून बघितलं तर कोपल चिकट होतो, अंबर होत नाही. मिठाच्या दाट पाण्यात तरंगतो म्हणून अंबर, असं अनेक जण सांगतात. पण कोपलही तरंगतो, त्यामुळे त्या चाचणीने फक्त काच आणि काही प्लास्टिक वेगळं काढता येतं. अंधारात अतिनील दिवा धरला तर डागडुजीचा गोंद आणि भराव बहुधा खडकापेक्षा वेगळा चमकतो. हा छोटा दिवा प्रत्येक संग्राहकाकडे असावा.

डागडुजी हा गुन्हा नाही. दोन तुकडे चिकटवलेला मासा मी आनंदाने घेईन. लपवलेली डागडुजी मात्र फसवणूकच.

पॅकिंग कसं करायचं?

डब्यात डबा. आतल्या डबीत वस्तू मऊ टिश्यूत गुंडाळून, हलवल्यावर आवाज येणार नाही इतकी घट्ट. बाहेरच्या खोक्यात चहूबाजूंनी फुगेरी प्लास्टिक. दात प्रत्येकी वेगळ्या पिशवीत, नाहीतर एकमेकांवर घासून मुलामा उडतो. कापूस थेट लावू नका, ट्रायलोबाईटच्या काट्यांत त्याचे धागे अडकतात आणि काढताना काटाच मोडतो. माशाची पातळ फरशी दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. लेबल पिशवीत घालून वस्तूसोबत, आणि त्याची प्रत बाहेरच्या खोक्यात.

गवत किंवा पेंढा कधीच वापरू नका आणि वस्तूला लागलेली माती पूर्ण धुऊन काढा. परदेशी मातीतून रोग आणि किडी येतात म्हणून अमेरिका आणि भारत दोन्ही देश तिच्याबाबत कडक आहेत.

कस्टम्सच्या फॉर्मवर ‘भेट’ लिहिलं तर चालेल?

चालणार नाही. बदल्यात काही येणार आहे, म्हणजे ती भेट नाही. ‘शार्कच्या दातांचे जीवाश्म, संग्राहकांमधील अदलाबदल’ असं स्वच्छ लिहा आणि खरी बाजारकिंमत टाका. संग्रहाच्या वस्तूंचं शुल्क-वर्गीकरण ९७०५ या शीर्षकाखाली येतं, त्यात पुराजीवशास्त्रीय वस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. तो क्रमांक लिहिला की अधिकाऱ्याला काम सोपं जातं. किंमत कमी दाखवली आणि पार्सल हरवलं तर विम्याचे तेवढेच पैसे मिळतात.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी बंद केली. बाहेरून वस्तू मागवताना कर कोण भरणार हे आधी ठरवून घ्या.

चारमथचा सोनेरी अमोनाईट मुंबईला भावाकडे पाठवायचा आहे. टिकेल का?

जपला तर. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरचे ते छोटे चकचकीत अमोनाईट पायराईटचे (लोह आणि गंधकाच्या सोनेरी खनिजाचे) असतात. दमट हवेत पायराईटचं ऑक्सिडेशन होतं, पांढरी-पिवळी भुकटी सुटते, आम्ल तयार होतं आणि अमोनाईटसोबत लेबल आणि डबीही खाल्ली जाते. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या काचेच्या कपाटात ठेवला तर धोका मोठा. हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवा, जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरा. दमट शहरातल्या माणसाला पायराईटचा नमुना देताना हे सांगणं देणाऱ्याची जबाबदारी आहे. कोकण-गोव्यातल्या कुणासाठी मी चुनखडीत जपलेला किंवा सिलिका झालेला नमुनाच निवडेन.

मुलांना स्वतः अदलाबदल करू द्यावी का?

करू द्या, पण पत्ता, पत्रव्यवहार आणि पोस्ट आई-बाबांच्या हातात हवं. लेबल मात्र मुलांनीच लिहावं. स्वतःच्या अक्षरात ‘स्क्वॅलिकोरॅक्स, क्रेटेशियस’ (शार्कचं नाव आणि त्याचा कालखंड) लिहिणारं मूल ते विसरत नाही.

अदलाबदलीसाठी काढून ठेवलेली वस्तू दुर्मिळ निघाली तर?

सौदा थांबवा आणि जवळच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला फोटो पाठवा. डॉर्सेटच्या पश्चिम किनाऱ्यावर यासाठी संहिताच आहे: महत्त्वाची वस्तू सापडली की चारमथच्या केंद्रात नोंद करायची आणि ती आधी ब्रिटिश संग्रहालयांना देऊ करायची. आपल्याकडे तशी लेखी सक्ती नसली तरी तसं वागता येतं. न्यू जर्सीतच, हॅडनफील्डला, १८५८ मध्ये हॅड्रोसॉरस या डायनासोरचा सांगाडा निघाला. त्या जमिनीच्या मालकाच्या घरी आधीची काही हाडं वर्षानुवर्षं शोभेसाठी ठेवलेली होती आणि काही पाहुण्यांनी नेली होती. ती परत आली नाहीत. समोरच्या संग्राहकाला खरं कारण सांगितलं तर तो रागावत नाही, उलट निकाल काय लागला ते विचारत राहतो.

पार्सल फुटून आलं, किंवा वस्तू सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली. काय करू?

खोकं उघडतानाच फोटो काढा, शक्य असेल तर व्हिडिओ. तुकडे झाले असतील तर एकही तुकडा, अगदी पिशवीतली भुकटीसुद्धा, टाकू नका आणि घाईने झटपट गोंद लावू नका. नीट बसणारे तुकडे पॅरालॉईडने जोडता येतात, फेव्हिक्विकने एकदा चुकीचे चिकटले की सोडवणं अवघड. मग समोरच्याला त्याच दिवशी, आरोप न करता, फोटोंसह कळवा. प्रवासात फुटलं असेल तर पाठवणाऱ्याने विम्याचा दावा करायचा, कारण पावती त्याच्याकडे असते. वस्तू वेगळी निघाली तर दोघांनी आपापली वस्तू परत करायची, आणि परतीचं टपाल ज्याचं वर्णन चुकलं त्याने भरायचं. हे सगळं पहिल्या पत्रातच ठरवून घेतलेलं बरं.